कलेचे दान आणि हिशेबाची वही

सार्वजनिक संस्थेच्या प्रवेशद्वारी बहुधा एक संगमरवरी शिला असते. तिच्यावर देणगीदारांची नावे आणि रकमा कोरलेल्या असतात, आणि ते उचितच आहे. परंतु ज्या कार्यक्रमाच्या तिकिटांतून त्या वास्तूच्या काही भिंती उभ्या राहिल्या, त्या कार्यक्रमात रात्र जागवणाऱ्या गायक-वादकांची नावे त्या शिलेवर सहसा आढळत नाहीत. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने संस्थांच्या जमाखर्चाचा विचार करताना या न नोंदलेल्या जमेचेही स्मरण व्हावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा धानाचा प्रदेश झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. १९९९ साली वेगळा होईपर्यंत गोंदिया आपल्याच जिल्ह्याचा भाग होता. दिवाळीनंतर धान कापून घरी आले की गावोगावी मंडई भरते, आणि होळीपर्यंत दंडार, खडीगंमत व नाटक यांचा हंगाम चालतो. पूर्वी गावातीलच हौशी मंडळी नाटक बसवीत. पुरुषच स्त्रीभूमिका करीत. पुढे वडसा हे व्यावसायिक कंपन्यांचे केंद्र झाले. गावातले मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देते, मंडप घालते, तिकिटे विकते आणि शिल्लक राहिल्यास ती मंदिर, शाळा, समाजमंदिर अशा गावाच्या कामी लावते. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटे संपते, आणि पेटी व तबला सांभाळणाऱ्यांना तोवर विसावा नसतो. या रंगभूमीवर पाच हजारांवर प्रयोग केलेल्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या परंपरेची दखल देशाने घेतली.

कलेतून लोककार्याला धन मिळवण्याची ही रीत वऱ्हाडातील संतांनी फार वर उचलली. संत गाडगेबाबांच्या कीर्तनास श्रीमंत आणि मोलमजूर एकाच जमिनीवर बसत. त्या कीर्तनांतून उमटलेल्या लोकांच्या औदार्यावर पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. लाखोंची कामे ज्यांच्या शब्दावर झाली, त्या बाबांजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवताना स्वतःची अशी काही मिळकत नव्हती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी हाती घेऊन १९३५ साली मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापिला. गुरुदेव सेवा मंडळांच्या रूपाने त्यांची भजने आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचली, आणि त्या भजनांबरोबर ग्रामसफाई व व्यसनमुक्तीची कामेही पोहोचली.

नाट्यसंगीताच्या इतिहासात असा सर्वांत गाजलेला प्रसंग म्हणजे ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेला 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग. लोकमान्य टिळक आदल्या वर्षी निवर्तले होते आणि टिळक स्वराज्य फंडासाठी देशभर निधी गोळा होत होता. बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन स्वतंत्र मंडळ्यांचे मालक आणि परस्परांचे प्रतिस्पर्धी. दोघांचेही चाहते आपापल्या गायकासाठी भांडत असत. तरीही निधीसाठी दोघे एका रंगमंचावर आले. केशवराव धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. पुढे तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबर रोजी, केशवरावांचे निधन झाले. व्यापारी म्हणून मला या घटनेचे विशेष वाटते ते असे की दोन स्पर्धक दुकानदारांनी एका गादीवर बसून सार्वजनिक कामासाठी माल विकावा, तशी ती गोष्ट होती.

अलीकडच्या काळातील उदाहरण पाहायचे तर शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीच्या आनंदवनात २००२ मध्ये डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद सुरू झाला. कुष्ठमुक्त, अंध व अपंग कलावंत स्वतः गावोगावी जाऊन गाऊ लागले आणि त्यांच्या कार्यक्रमांतून संस्थेच्या कार्याला निधी मिळू लागला. समाज ज्यांना घेणाऱ्यांच्या रांगेत उभे करीत आला, ते येथे देणारे झाले.

तथापि केवळ भावना पुरेशी नसते, हिशेबही लागतो. १ ऑगस्ट १९७१ रोजी पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी न्यूयॉर्कमध्ये एकाच दिवशी दोन कार्यक्रम केले. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला मिळाले. मात्र करमुक्तीची व्यवस्था आधी केलेली नसल्यामुळे ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग करखात्याच्या चौकशीत वर्षानुवर्षे अडकून पडला. गाणे निर्दोष होते, वही अपुरी होती.

वही अपुरी ठेवण्याचा असाच एक दोष माझ्याही पदरी आहे, आणि तो येथे नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी एका संस्थेच्या मदतीसाठी झालेल्या संगीत रजनीचा मी खजिनदार होतो. वाणिज्याची पदवी असल्यामुळे कीर्द-खतावणी माझ्याकडे आली होती. मंडपवाल्याचे पैसे दिले, ध्वनिक्षेपकाचे दिले, छपाईचे दिले. गायक-वादकांना मात्र कार्य समाजाचे असल्याने बिदागी न देता शाल व श्रीफळ देऊन गौरविण्यात आले. त्या शाली माझ्याच दुकानातून आल्या होत्या, आणि त्यांचे बिल मी नेहमीच्या नफ्यासह संस्थेकडून वसूल केले होते.

आठवडाभराने त्यांतील तबलजी दुकानात आले. खेड्यातून एस.टी.ने आले होते. शाल घडी न मोडता कागदात गुंडाळलेली होती. ती त्यांनी गादीवर ठेवली आणि अत्यंत संकोचाने म्हणाले, "शेठजी, हिच्या बदल्यात पोराच्या शाळेचा कपडा भेटला तर पाहा." मी खाकी आणि पांढरे कापड फाडून दिले. शालीच्या किमतीपेक्षा ते थोडे अधिक झाले. वरचे पैसे मी मागितले आणि त्यांनी खिशातून मोजून दिले.

रात्री रोकड जुळवताना ती किरकोळ रक्कम माझ्या लक्षात आली. त्या कार्यक्रमात संस्थेला लाभ झाला होता, मंडपवाल्याला झाला होता, मलाही झाला होता. ज्याच्या बोटांवर सगळे उभे होते, तो एकटाच पदरचे घालून परतला होता. दुसऱ्या दिवशी त्यांचा पत्ता शोधण्याचे मनात आले, पण हंगाम होता आणि ते राहून गेले. पुढे त्यांची भेट झाली नाही.

तेव्हापासून मी ज्या ज्या कार्यक्रमाचा हिशेब पाहिला, तेथे एक पद्धत आग्रहाने पाळली. कलावंताचे मानधन आधी ठरवावे आणि ते खर्चात नावे टाकावे. ते त्याच्या हाती द्यावे. त्याने स्वखुशीने परत केले, तर त्याच्या नावाने देणगी म्हणून जमा करावे आणि रीतसर पावती फाडावी. रोकडीची बेरीज तीच राहते. परंतु देणगीदारांच्या यादीत एक नाव वाढते आणि परत न करण्याचा त्याचा अधिकारही शाबूत राहतो.

संस्थांनी पुढील स्मरणिकांत देणगीदारांची यादी छापताना ही नावेही छापावीत, अशी नम्र विनंती करून हे मनोगत पूर्ण करतो.