उशाखालची भाकरी

वडिलांची आजी मरेपर्यंत उशाखाली भाकरीचा तुकडा ठेवून झोपायची. मला ती पुसटशी आठवते. तो तुकडा मात्र चांगला आठवतो, कारण सकाळी तो कोंबड्यांना घालायचं काम माझं होतं.

पणजी मध्य प्रांतातली. गावाचं नाव तिलाच सांगता यायचं नाही. आई वाटेत बसली ती पुन्हा उठली नाही, एवढंच तिच्यापाशी शिल्लक होतं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी तिकडून तीनशेच्या आसपास मुली आणल्या, त्यांतली ती एक. राहायला केडगावला, बाईंच्या मुक्ती मिशनमध्ये. (नगरशेजारचं केडगाव नव्हे, दौंडकडचं.) "बाईंनी स्वतः उपास काढले होते, म्हणून त्यांना आमची पोटं दिसली," असं ती म्हणे. ते खरंच आहे. १८७४ मध्ये रमाबाईंचे आईवडील उपासमारीनेच गेले; तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या.

पणजीचा एक किस्सा आजी वारंवार सांगायची. मुक्तीत दोन वेळा जेवण मिळायचं, तरी दुष्काळातल्या पोरींचा भरवसा बसत नव्हता. पणजीने एकदा कोठीतली ज्वारी ओच्यात भरून आणली. कोणी पाहिलं नाही. रात्री मात्र तिला झोप येईना. पहाटे तिने ती ज्वारी परत नेऊन ओतली. "मार बसला असता तर पुढच्या वेळी जपून चोरली असती," ती लेकीला म्हणाली होती, "पण मला रस्त्यावरून उचलणारे हात आठवले, आणि ओचा जड झाला."

आमच्याकडे पापावरचा उपदेश बहुतेक वेळा नरकापासून सुरू होतो. मला तो कधीच लागू पडला नाही. बायबलमधल्या उत्पत्तीच्या एकोणचाळिसाव्या अध्यायातला योसेफ बघा. पोटीफरच्या बायकोला नकार देताना तो शिक्षेचं नाव काढत नाही. धन्याने आपल्यावर किती विश्वास टाकला, ते आधी सांगतो आणि मग देवाविरुद्ध पाप कसं करू, असं विचारतो. अनुवाद या पुस्तकातही तसंच आहे. उपऱ्यावर, विधवेवर अन्याय करू नका; का, तर तुम्ही मिसरात दास होता आणि देवाने तुम्हाला सोडवलं. ती सुटका विसरली की आज्ञा नुसती कायद्यासारखी उरते, आणि कायद्यातून पळवाट काढायला आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पणजीला वाचता यायला बरीच वर्षं लागली, पण हे तिला त्याआधीच कळलं होतं.

१९७२ च्या दुष्काळात वडील खडी फोडण्याच्या कामावर हजेरी लिहीत. मी दहा वर्षांचा. मजुरांसाठी सुकडी यायची, तिचा वास अजून नाकात आहे. एका संध्याकाळी मुकादम ओट्यावर येऊन बसला. हजेरीपटावर चार-पाच खोटी नावं चढवायची, मजुरी निम्मी-निम्मी. सगळीकडे चालतंय, म्हणाला. आमच्या घराची कौलं फुटलेली, आईने परात गळतीखाली मांडलेली असायची. ते त्याला ठाऊक होतं.

वडील बराच वेळ गप्प बसले. त्यांनाही मोह झाला असणार. पुढे एकदा त्यांनी तो कबूलही केला. मग म्हणाले, "हे दुष्काळाचं ताट आहे, बाबा. माझी आजी याच ताटावर जगली. त्यातलं मी कसं काढू?"

मुकादमाला काही कळलं नाही. चहा न घेताच तो उठला.

कौलं बदलायला आम्हाला आणखी पाच वर्षं लागली.