कार्यस्थळावरील ऑनलाइन चर्चासमुदाय

कार्यस्थळावरील ऑनलाइन चर्चासमुदाय म्हणजे एखाद्या संस्थेतील कर्मचाऱ्यांनी संस्थेच्याच सहकार्य-मंचावर समान काम, विषय किंवा अडचणी यांच्या आधारे चालविलेला लेखी चर्चेचा गट होय. मायक्रोसॉफ्टचे 'टीम्स' व 'व्हिवा एंगेज' आणि सेल्सफोर्सचे 'स्लॅक' ही अशा मंचांची परिचित उदाहरणे आहेत. गट निर्माण करणे तांत्रिकदृष्ट्या काही क्षणांचे काम असले, तरी त्यात माणसे बोलती होणे ही दीर्घकाळ चालणारी सामाजिक प्रक्रिया आहे. संस्थेतील विश्वासाचे वातावरण आणि कामाच्या मूल्यमापनाची पद्धत यांवर ती मुख्यतः अवलंबून असते.

स्वरूप

चर्चासमुदाय हा प्रकल्पगटापेक्षा वेगळा असतो. प्रकल्पगटाचे सदस्य वरिष्ठांनी नेमलेले असतात आणि काम संपताच तो गट विसर्जित होतो. चर्चासमुदायात सहभाग बहुधा ऐच्छिक असतो आणि विभागांच्या सीमा ओलांडून माणसे एकत्र येतात. झटपट संदेशांच्या गटाहूनही तो भिन्न आहे. संदेश प्रवाहाबरोबर वाहून जातात. चर्चासमुदायात मात्र प्रत्येक प्रश्नाचा स्वतंत्र धागा असतो आणि त्याखालील उत्तरे पुढे शोधता येतात. त्यामुळे एकाने विचारलेला प्रश्न अनेकांच्या उपयोगी पडतो.

या संकल्पनेला सैद्धान्तिक बैठक जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांच्या १९९१ मधील ग्रंथाने मिळाली. मनुष्य प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या सहवासात, परिघावरून हळूहळू केंद्राकडे सरकत शिकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. अशा समूहांना त्यांनी 'व्यवसाय-समुदाय' या अर्थाची संज्ञा वापरली. नवा कर्मचारी काही न लिहिता जुन्या चर्चा वाचतो, तेव्हा तोही याच अर्थाने शिकत असतो.

इतिहास

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' या संगणक-प्रणालीवर १९७३ मध्ये डेव्हिड वूली या विद्यार्थ्याने 'नोट्स' ही सुविधा तयार केली. त्यापूर्वी प्रणालीतील दोष एका खुल्या फाइलमध्ये लिहिले जात आणि कोणीही दुसऱ्याचा मजकूर पुसू शकत असे. वूलीच्या रचनेत लेखनाबरोबर नाव व दिनांक आपोआप नोंदला जाई आणि प्रत्येक नोंदीखाली उत्तरे जोडता येत. पुढे, 'प्लेटो'चा अनुभव घेतलेल्या रे ओझी यांच्या पुढाकाराने 'लोटस नोट्स' हे उत्पादन १९८९ मध्ये बाजारात आले. १९९५ मध्ये लोटस ही कंपनी आयबीएमकडे गेली आणि २०१९ मध्ये 'नोट्स'ची मालकी एचसीएल टेक्नॉलॉजीज या भारतीय कंपनीकडे आली.

'यॅमर' ही सेवा २००८ मध्ये सुरू झाली. संस्थेचा ईमेल पत्ता असलेला कोणताही कर्मचारी आपल्या सहकाऱ्यांचे जाळे स्वतःहून सुरू करू शकत असे, हे तिचे वैशिष्ट्य होते. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये ती सुमारे १.२ अब्ज डॉलरना विकत घेतली आणि २०२३ मध्ये तिला 'व्हिवा एंगेज' हे नाव दिले. 'स्लॅक' २०१४ मध्ये, तर 'टीम्स' २०१७ मध्ये सर्वांसाठी खुले झाले.

दोन उद्बोधक उदाहरणे

१९९२ मध्ये वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी एका मोठ्या सल्लागार कंपनीत 'लोटस नोट्स'चा वापर कसा होतो, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधन सर्वांना देण्यात आले होते, परंतु ज्ञानाची देवाणघेवाण अपेक्षेप्रमाणे होत नव्हती. पुरेसे प्रशिक्षण नसल्याने अनेकांना साधनाचा हेतूच उमगला नव्हता. शिवाय, ग्राहकाच्या खात्यावर मांडता येईल तोच वेळ मोलाचा ठरे आणि बढतीसाठी सहकाऱ्यांशी स्पर्धा असे. अशा ठिकाणी स्वतःचे ज्ञान वाटणे म्हणजे स्वतःचेच नुकसान, असे कर्मचाऱ्यांना वाटणे स्वाभाविक होते.

याउलट चित्र झेरॉक्स कंपनीत दिसले. यंत्रदुरुस्ती करणारे तंत्रज्ञ एकमेकांना सांगत असलेल्या अनुभवकथांतूनच अवघड दोषांचा उलगडा होतो, हे मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी दाखवून दिले. त्याच कंपनीत १९९० च्या दशकात 'युरेका' ही प्रणाली उभी राहिली. तंत्रज्ञ दुरुस्तीच्या युक्त्या लिहीत, अन्य जाणकार तंत्रज्ञ त्या पडताळून पाहत आणि मान्य झालेली युक्ती लेखकाच्या नावासह सर्वांना उपलब्ध होई. ज्ञान देणाऱ्याची प्रतिष्ठा येथे वाढत होती. दोन्ही ठिकाणी साधने होती. फरक होता तो सांगणाऱ्याच्या पदरी काय पडते, यात.

उभारणी

समुदाय उभारताना सामान्यतः पुढील बाबी महत्त्वाच्या मानल्या जातात.

* हेतू: 'सर्वसाधारण चर्चा' अशा मोघम नावापेक्षा 'जलशुद्धीकरण यंत्रांची देखभाल' असा नेमका विषय असल्यास कोणी काय विचारावे, हे स्पष्ट होते.
* लहान आरंभ: सर्व कर्मचाऱ्यांना एकदम सदस्य करण्याऐवजी विषयाची आस्था असलेल्या मोजक्या व्यक्तींपासून सुरुवात केली जाते. त्यांच्या खऱ्या प्रश्नोत्तरांमुळे नंतर येणाऱ्यांना नमुना मिळतो.
* समन्वयक: अनुत्तरित प्रश्न जाणकारापर्यंत पोहोचविणे, नवागतांचे स्वागत करणे आणि लांबलेल्या चर्चेचा सारांश लिहिणे ही त्याची कामे होत. या कामासाठी कार्यालयीन वेळेतूनच अवधी देणे आवश्यक असते.
* नियम: भाषेची मर्यादा, गोपनीय माहिती आणि ग्राहकांचा वैयक्तिक तपशील यांबाबतचे नियम थोडके व ठळक असावे लागतात.
* भाषा व लिपी: एकच मराठी शब्द देवनागरीत व रोमन लिपीत लिहिल्यास शोधात तो दोन वेगळे शब्द ठरू शकतो. म्हणून निदान शीर्षकांसाठी एक लिपी ठरविणे सोयीचे असते.

मूक वाचक आणि मोकळेपणा

ऑनलाइन समुदायांत सुमारे ९० टक्के सदस्य केवळ वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि १ टक्का सदस्य बहुतांश लेखन करतात, असा ठोकताळा जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडला. तो अचूक नियम नव्हे. तथापि वाचकांची संख्या मोठी असणे हे अपयशाचे लक्षण नाही, हे त्यातून ध्यानात येते.

कार्यस्थळी मौनाला आणखी एक कारण असते. प्रश्न विचारणे म्हणजे आपले अज्ञान वरिष्ठांसमोर उघड करणे, अशी भीती अनेकांना वाटते. प्रश्न विचारल्याने किंवा चूक मान्य केल्याने आपली मानहानी होणार नाही, या सामायिक विश्वासाला एमी एडमंडसन यांनी १९९९ मधील शोधनिबंधात 'मानसशास्त्रीय सुरक्षितता' म्हटले. वरिष्ठांनी स्वतः प्रश्न विचारणे व 'मला ठाऊक नाही' असे लिहिणे या विश्वासाला पोषक ठरते. पहिल्याच प्रश्नाची झालेली थट्टा तो नष्ट करू शकते.

मर्यादा व टीका

हे समुदाय संस्थेच्या मालकीच्या मंचावर असल्यामुळे त्यांतील लेखन खासगी नसते. मंचाचे सदस्यत्व व संस्थेची धोरणे यांनुसार प्रशासकांना संदेश पाहता किंवा जतन करता येतात. ही बाब सदस्यांना आधीच सांगणे न्याय्य ठरते. सततच्या सूचनांमुळे कामात व्यत्यय येणे आणि कार्यालयीन वेळेनंतरही उत्तराची अपेक्षा राहणे, हेही आक्षेप घेतले जातात.

यशाचे मोजमाप केवळ सदस्यसंख्येवरून केल्यास दिशाभूल होते. किती प्रश्नांना उपयुक्त उत्तर मिळाले आणि उत्तर देणारे किती वेगवेगळे होते, हे अधिक बोलके निकष आहेत. मंचाच्या आयुष्याचाही विचार करावा लागतो. फेसबुकने २०१६ मध्ये आणलेली 'वर्कप्लेस' ही सेवा बंद करण्याचा निर्णय तिच्या मूळ कंपनीने, मेटाने, २०२४ मध्ये जाहीर केला. मंच बंद झाल्यास वर्षानुवर्षांचे अनुभव त्याच्याबरोबर नाहीसे होऊ नयेत, यासाठी महत्त्वाच्या चर्चांचे सारांश स्वतंत्रपणे जतन करणे आवश्यक ठरते.