जादा किमतीची यादी

गेल्या आषाढात, भाताची लावणी चालू असताना, आमच्या वहिनीला पान लागले. पान लागले म्हणजे साप चावला. पण आमच्याकडे दिवेलागणीनंतर त्याचे नाव घेत नाहीत आणि मी हे रात्रीच लिहीत आहे. दादाची वाडी भोरच्या पश्चिमेला, नीरा-देवघरच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. डांबरी सडकेपासून वाडीपर्यंत कोसभर तांबड्या मातीची चढण आहे. फोन केल्यावर वडापची जीप आली, पण पहिल्याच वळणावर तिची मागची चाके जागच्या जागी फिरू लागली आणि ती तिथेच रुतली. मग घोंगडीची झोळी, कळकाचा दांडा आणि आळीपाळीने खांदा देणारे आठ गडी. खाली सडकेला यायला सव्वा तास लागला. लस वेळेवर मिळाली. वहिनी आज चुलीपुढे बसून आम्हां दोघांना दटावते आहे. पण त्या सव्वा तासाने दादाची झोप उडवली ती उडवलीच.

श्रावणात तो माझ्याकडे आला. हातात गाडीच्या दुकानातून आणलेला घडीचा कागद. “मास्तर, गाडी घ्यायची ठरली. तुझी वहिनी पाटल्या मोडायला तयार आहे. आता यातले काय घ्यायचे आणि काय टाकायचे ते तू सांग.”

कागद उलगडला तर चाळीसएक बाबींची यादी, आणि पुष्कळशा बाबींपुढे जादा किंमत. मी पडलो चित्रकलेचा मास्तर, फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा. माझ्या दोन नायकांनी जीप हाकली आहे, पण ती घाटात कधी रुतली नाही, कारण मी रुतू दिली नाही! असल्या वेळी मला जे जमते तेच मी केले. ही गाडी मुळात कशी जन्मली आणि तेव्हा तिच्यात काय घातले, काय गाळले, याचा मागोवा घेत बसलो. त्यातून दादाच्या यादीला उत्तर मिळेल अशी आशा होती. वाचता वाचता मात्र मीच रंगून गेलो.

गोष्ट १९४० सालच्या जुलैतली. युरोपात युद्ध पेटले होते आणि अमेरिकन सैन्याला एक हलकी गाडी हवी होती. त्यांनी १३५ कारखान्यांना विचारणा केली. मागणी अशी: जोर चारही चाकांना मिळावा, काच पुढे वाकवता यावी, ६६० पौंड ओझे वाहता यावे, आणि गाडीचे स्वतःचे वजन मात्र सुमारे १,३०० पौंड, म्हणजे सहाशे किलोंच्या आतबाहेर असावे. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा. बहुतेकांनी त्या कागदाकडे पाहिलेही नाही. पुढे आल्या त्या अमेरिकन बँटम आणि विलिस-ओव्हरलँड या दोनच कंपन्या. बँटमचा कारखाना पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावी, जवळजवळ बंद पडलेला. त्यांनी कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या अभियंत्याला बोलावले आणि त्याने दोन दिवसांत सबंध गाडीचे आराखडे काढले. वर्गातल्या मुलांना मी एका सुरईचे चित्र काढायला दोन तास देतो आणि तरी घंटा झाल्यावर निम्म्या सुरया बिनतोंडाच्या असतात, म्हणून मला या माणसाचे फार कौतुक वाटते. २३ सप्टेंबरला संध्याकाळी पाचची मुदत होती. नमुना मेरीलँडमधल्या कॅम्प होलाबर्डला अर्धा तास आधी पोहोचला.

तेराशे पौंडांत असली गाडी बसणे शक्यच नव्हते. सैन्याने पुढे मर्यादा वाढवून २,१६० पौंड केली. आता विलिसवाल्यांची पंचाईत झाली. त्यांची गाडी त्याहूनही दोनशेहून अधिक पौंडांनी जड. याला कारण त्यांचे इंजिन. बँटम आणि नंतर आलेली फोर्ड यांच्या गाड्यांची इंजिने पंचेचाळीस अश्वशक्तीच्या आसपासची, विलिसचे साठ. हलके इंजिन बसवले असते तर एका दिवसात प्रश्न सुटला असता. पण त्यांचा मुख्य अभियंता बार्नी रूस याने इंजिनाला हात लावू दिला नाही. त्याने गाडी सुटी केली आणि एकेक भाग तराजूत घातला. बोल्टांची जास्तीची लांबी कापली, पत्रा पातळ केला, पट्ट्या अरुंद केल्या. शेवटी वजन मर्यादेच्या इतके काठावर आले की रंगाचा दुसरा हात द्यावा की नाही याचा विचार करावा लागला, असे सांगतात. पुढे त्याच इंजिनामुळे सैन्याने विलिसचा आराखडा पसंत केला आणि युद्ध संपेपर्यंत विलिस व फोर्ड मिळून सहा लाखांहून अधिक जीपा तयार झाल्या.

या प्रसंगापाशी मी बराच वेळ थांबलो. बोल्ट कापता येतो, रंग खरवडता येतो. इंजिन मागाहून वाढवता येत नाही. दादाच्या यादीला लावायची कसोटी मला इथे सापडली.

हीच गोष्ट उलट बाजूने पाहा. युद्धातल्या जीपेला दारे नव्हती, पण डाव्या अंगाला फावडे आणि कुऱ्हाड कारखान्यातूनच बांधलेली असे. रुतायचे आहेच हे धरून चाललेले! युरोपात जर्मनांनी रस्त्यावर आडव्या तारा ताणायला सुरुवात केली. काच वाकवून भरधाव जाणाऱ्या माणसाच्या गळ्याशी ती तार येई. तेव्हा जीपच्या पुढच्या बंपरवर एक उभा लोखंडी कोन जोडू लागले, वरच्या टोकाला आकडा असलेला. तार त्यात अडके आणि तुटे. हे काम छावणीतल्या लोहारकामवाल्यांनी जागच्या जागी केले. तेव्हा काही वस्तू अशा असतात की त्या कारखान्यानेच द्याव्या, आणि काही अशा की त्या गरज दिसल्यावर कोणीही सांधून देईल.

युद्ध संपले आणि १९४५ साली विलिसने नागरिकांसाठी जीप काढली, ‘सीजे-२ए’ नावाची. गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी. तिची जादा किमतीची यादी वाचताना मला आमच्या यात्रेतल्या दुकानांची आठवण झाली. नांगर-वखर जोडायला मागचा उचल-दांडा, मळणी चालवायला पट्ट्याची पुली, इंजिनाचा जोर बाहेर काढणारा दांडा, दोर गुंडाळणारा रहाट, बर्फ लोटायचे फाळ, उष्ण मुलुखासाठी निराळा रेडिएटर, गवताचा भुसा अडवणारी जाळी, चढायला पायरी. आणि याच यादीत ड्रायव्हरच्या शेजारची बैठक! मूळ किमतीत एकट्या ड्रायव्हरचीच बैठक मिळे. म्हणजे शेतकऱ्याने बायकोला बाजारात न्यायचे तर तिच्या बसण्याचे पैसे निराळे. चारही चाकांचा जोर मात्र मूळ किमतीत होता. अवघड जागी गाडी मुंगीच्या पावलांनी पण सगळ्या ताकदीनिशी नेणारा लहान गिअरसुद्धा मूळ किमतीत. त्यांना जादा वस्तू म्हणायचे कोणाच्या मनातही आले नाही.

१९४८ साली इंग्लंडात लँड रोव्हर आली, तिथेही हाच प्रकार. मॉरिस विल्क्सने अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतात एक जुनी जीप वापरून पाहिली आणि तिच्यावरून ही गाडी सुचली. प्रारंभी तिची दारेसुद्धा जादा वस्तूंत मोडत. इंग्लंडच्या पावसात बिनदाराची गाडी कोण घेणार? लवकरच कारखान्याने ती मूळ किमतीत घेतली.

आपल्याकडे जीप आली ती मुंबईच्या माझगावात. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रा अँड मोहम्मद कंपनीतले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, आणि १९४८ पासून कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. सुट्या भागांतून विलिस जीप जोडण्याचे काम त्यांनी माझगावात सुरू केले. उंच बॉनेटची ‘सीजे-३बी’ तर पुढे कित्येक वर्षे इथेच बनत राहिली. मामलेदार, पाटबंधाऱ्याचे इंजिनियर, देवीची लस टोचणारे डॉक्टर यांना खेड्याने पाहिले ते जीपमधून उतरतानाच. मग पेट्रोल महागले, डिझेलची इंजिने आली आणि सरकारी जीप सार्वजनिक झाली; तिची वडाप झाली. इथे एक मोठा बदल घडला. वडापवाल्याला पुढच्या चाकांचा जोर नको होता. तो महाग, त्याची देखभाल महाग, आणि सडकेवर त्याचा उपयोग नाही. तेव्हा जो जीपचा प्राण तोच जादा किमतीच्या यादीत गेला. २०१० साली आलेल्या थारचाही एक स्वस्त प्रकार दोन चाकांच्या जोराचा होता. २०२० च्या नव्या थारमध्ये चारही चाके सक्तीची झाली आणि २०२३ च्या जानेवारीत पुन्हा दोन चाकांची थार आली. सूरत तीच, रुबाब तोच. दुकानात शेजारी शेजारी उभ्या केल्या तर माझ्यासारख्याला फरक सांगता येणार नाही.

त्या रात्रीची जीपही असलीच. वडापला एरवी मागे दहा माणसे कोंबलेली असतात. त्या भाराने मागची चाके मातीत घट्ट रोवतात आणि ती चढण चढून जाते. त्या रात्री ती बिचारी लगबगीने रिकामी आली होती.

आता चारही चाकांना जोर असला म्हणजे भागले, असेही नाही. प्रत्येक आसाच्या मधोमध डिफरन्शियल नावाचा दंतचक्रांचा गोळा असतो. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरावे लागते, ती सोय तो करतो. पण त्याची खोड अशी की दोन्ही चाकांना तो सारखाच जोर देतो, आणि तोही दुबळ्या चाकाला पेलेल तेवढाच. जोडीतला एक बैल चिखलात घसरू लागला की दुसरा कितीही तगडा असो, गाडी त्याच्या एकट्याच्या जोरावर निघत नाही, तसेच हे. यावर उपाय म्हणजे दोन्ही चाके एकत्र बांधणारे कुलूप. फोर्सच्या चारही चाकांच्या गुरखा गाडीला पुढच्या-मागच्या दोन्ही आसांना ते येते. थारच्या काही प्रकारांत मागच्या आसाला येते. यादीत या कुलपाला एक ओळ होती. तबकडीएवढ्या पडद्यावर गाणी वाजवणाऱ्या यंत्राला मात्र सात ओळी!

दादाचे म्हणणे पडले, “साधी गाडी घेऊ, बाकीचे आपला वेल्डर करील.” वीस वर्षांपूर्वी मी मान डोलावली असती. पण मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीच्या मूळ बांधणीत मनमानी बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. पुढे जाड लोखंडी कमान लावून मिरवण्यालाही बंदी आहे. त्या कमानीने धडकेचा आघात सरळ सांगाड्यात शिरतो आणि एअरबॅग वेळेवर फुगण्यात विघ्न येऊ शकते. छावणीतल्या लोहाराचा काळ गेला, आणि कारखान्याची यादी पूर्वीपेक्षा जास्त सावधपणे वाचायला हवी.

मग आम्ही दोघे तांबडी पेन्सिल घेऊन बसलो. चारही चाकांचा जोर आणि लहान गिअर, ठेवला. मागच्या आसाचे कुलूप, ठेवले. कापडी छत दिसायला देखणे, पण आमच्याकडचा पाऊस आडवा लागतो. तेव्हा पक्के छत. रुंद चकचकीत चाके खोडली. टायर झिजले की तेव्हा मातीचे घेऊ, नोंदलेल्या मापाचेच. कातड्याच्या बैठका खोडल्या. विंच खोडताना दादा हळहळला. मी म्हटले, “वाडीत ओढायला चाळीस माणसे आहेत, जाड दोर घे.” पायरीही खोडली, कारण ती खाली लोंबते आणि दगडाला अडते.

एवढे करून दादा कागदाकडे बघत राहिला. म्हणाला, “सगळे झाले मास्तर, पण आजारी माणसाला आडवे कुठे निजवायचे?” याला यादीत एकही ओळ नव्हती. दुसऱ्या दिवशी दुकानात त्याने वहाणा काढल्या, शेजारची बैठक मागे पाडली आणि स्वतः तिच्यावर लांब झाला. दुकानातला पोरगा पाहत राहिला. एका गाडीत पाय दुमडावे लागले, ती नापास. दुसरीत टाच सुटी राहिली. ऐंशी वर्षांपूर्वी जादा पैसे मोजून मिळणारी ती शेजारची बैठकच आम्ही मुख्य धरली.

दसऱ्याला गाडी वाडीवर आली. पहिल्याच पावसाळी वळणावर दादाने लहान गिअर टाकला आणि ती काही न बोलता वर चढली. झेंडूची माळ झाली, नारळ झाला, पोरे आत-बाहेर नाचली. वहिनी हळदीकुंकू वाहून दाराशी उभी राहिली आणि आत चढेना. तिचा पाय अजून पुरता वाकत नाही, आणि अंगावर नऊवारी. “चाळीस गोष्टींचा विचार केलात,” ती म्हणाली, “पण मी चढू कशी?”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पायरी पुन्हा यादीत आली, एकाच अंगाला, डाव्या. दुकानदार पाडव्यापर्यंत देतो म्हणाला आहे. तोवर दादा म्हैस पिळताना बसायचा पाट गाडीत घालून नेतो.