तब्येत सुधारली

मराठीत ‘तब्येत सुधारली’ याचे दोन अर्थ होतात. आजाऱ्याबद्दल म्हटलं तर तो बरा झाला. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या धडधाकट माणसाबद्दल म्हटलं तर तो जाड झाला. मानसोपचाराच्या इतिहासात बराच काळ हे दोन्ही अर्थ एकच होते. ते वेगळे कसे झाले, त्याची ही गोष्ट.

फिलाडेल्फियाचे मज्जाविकारतज्ज्ञ सायलस वेअर मिचेल यांनी १८७७ साली एक पुस्तक लिहिलं. त्याचं नावच ‘फॅट अँड ब्लड’. थकलेल्या, खचलेल्या रुग्णांना, त्यातही मुख्यतः बायकांना, कित्येक आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवायचं, भरपूर दूध पाजायचं, खाऊ घालायचं, मालिश करायचं आणि वजन वाढवायचं असा तो उपचार होता. त्या काळी हे तर्काला धरून होतं. क्षय सगळीकडे होता. मनोरुग्णालयातले अनेक रुग्ण अन्न नाकारत आणि खंगत जात. काटा खाली आला की वाईट, वर गेला की चांगलं, एवढा सोपा हिशोब होता.

आधुनिक औषधं आली ती या हिशोबावर वाढलेल्या डॉक्टरांच्या हातात. क्लोरप्रोमाझिन हे रसायन डिसेंबर १९५० मध्ये फ्रान्सच्या रोन-पुलांक कंपनीत पॉल शार्पांतिए यांनी तयार केलं. आरी लाबोरी या नौदलातल्या सर्जनने ते शस्त्रक्रियेच्या वेळी वापरून पाहिलं. १९५२ साली पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात जाँ दले आणि पिएर दनिकेर यांनी ते मनोरुग्णांना दिलं, आणि वर्षानुवर्षं बेभान असलेली माणसं शांतपणे बोलू लागली. १९५४ मध्ये ते अमेरिकेत पोचलं. या औषधाने वजन वाढतं, हे १९५० चं दशक संपायच्या आत वैद्यकीय नियतकालिकांत छापूनही आलं होतं.

म्हणजे माहिती लपलेली नव्हती. पण तिचा अर्थ लावण्याच्या पळवाटा बऱ्याच होत्या. रुग्ण नीट जेवायला लागला, म्हणजे आजार हटतोय. शिवाय स्किझोफ्रेनियात वजन खूप वरखाली होतं, हे एमिल क्रेपेलिन यांनी कोणतंही औषध नसतानाच्या काळात नोंदवून ठेवलं होतं. आणि समोर याहून मोठी संकटं होती: हातपाय ताठरणं, कंप, तोंडाच्या-जिभेच्या हालचाली ताब्यात न राहणं. त्यांच्यापुढे दहा-बारा किलो कोण मोजणार?

ती मोठी संकटं ज्या औषधांनी कमी झाली, त्यांनीच वजनाचा प्रश्न उघडा पाडला. क्लोझापिनने हातपाय जवळजवळ ताठरत नसत. पण १९७५ मध्ये फिनलंडमध्ये पांढऱ्या पेशी घटून आठ रुग्ण दगावले आणि बहुतेक ठिकाणी ते मागे घेतलं गेलं. १९८८ च्या एका अमेरिकन चाचणीत, इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी ३० टक्के क्लोझापिनने सुधारले, तर क्लोरप्रोमाझिनने फक्त ४ टक्के. ते परत आलं, रक्ततपासणीच्या सक्तीसह. मग रक्तपेशींना तेवढा धोका नसलेल्या, पण त्याच घाटाच्या औषधाचा शोध लागला. एली लिली कंपनीच्या ऑलान्झापिनला १९९६ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली.

मी ऑलान्झापिन घेतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना ते सुरू झालं. पाच-सहा आठवड्यांत डोक्यातले आवाज विरत गेले. सात महिन्यांत मी ६४ किलोंचा ८१ किलोंचा झालो. मेसमधून पोट भरून उठल्यावर अर्ध्या तासात पुन्हा भूक लागायची, आणि ती खोटी वाटायची नाही. ‘जरा चालायला जात जा,’ असं डॉक्टर म्हणाले. आमच्या कोडिंगमध्येही साइड इफेक्ट असतो: फंक्शनने उत्तर देता देता बाहेरच्या कशात तरी केलेला बदल. तो लहानच असतो, असं व्याख्येत कुठेही म्हटलेलं नाही.

ही भूक कुठून येते, याचा बराच उलगडा झालाय. ही औषधं डोपामिनच्या बरोबरीने हिस्टामिनचा एच-१ रिसेप्टरही अडवतात. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी झोप येते ती याच रिसेप्टरमुळे. जे औषध त्याला जास्त घट्ट चिकटतं ते जास्त वजन वाढवतं, हे २००३ मध्ये दाखवलं गेलं. सेरोटोनिनच्या २सी रिसेप्टरचाही त्यात हात असल्याचं मानलं जातं. ‘आता बस’ हा निरोप पोटातून निघतो, पण मेंदूत पोचत नाही.

आकड्यांचा हिशोब १९९९ साली मांडला गेला. डेव्हिड अ‍ॅलिसन आणि सहकाऱ्यांनी आधीचे अभ्यास एकत्र करून दहा आठवड्यांतली सरासरी वाढ काढली: क्लोझापिन ४.४५ किलो, ऑलान्झापिन ४.१५, रिस्पेरिडोन २.१०, झिप्रासिडोन जवळपास शून्य. एकाच आजारावरच्या औषधांत एवढा फरक असेल, तर तो रुग्णाच्या आळसाचा नसतो. २००२ मध्ये जपानने मधुमेही रुग्णांना ऑलान्झापिन देऊ नये असा इशारा काढला. २००३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या पिढीच्या सगळ्या औषधांवर मधुमेहाची सूचना छापायला लावली. कंपनीने वजनाचा धोका कमी करून दाखवल्याचं वृत्त २००६ च्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने कंपनीच्याच कागदपत्रांवरून दिलं. कंपनीने ते नाकारलं. २००९ मध्ये, मंजुरी नसलेल्या वापरासाठी या औषधाचा प्रचार केल्याबद्दल तिने १.४१५ अब्ज डॉलर भरले.

पण गोष्ट ‘कंपनी वाईट, औषध वाईट’ इथे संपवता येत नाही. २००५ मध्ये केटी नावाच्या मोठ्या अमेरिकन चाचणीचे निकाल आले. अठरा महिन्यांत ७४ टक्के रुग्णांनी आपापलं औषध सोडलं. सोडण्याचं प्रमाण सगळ्यांत कमी, ६४ टक्के, होतं ऑलान्झापिनचं. आणि सगळ्यांत जास्त वजनही त्यानेच वाढवलं. माझ्या अनुभवाला हा निकाल तंतोतंत जुळतो. गोळीने मला डिग्री पूर्ण करू दिली, नोकरी दिली. तिनेच रक्तातली साखर काठावर आणून ठेवली.

मनोरुग्णालयाच्या वॉर्डात काटा डॉक्टर वाचायचे. आज रुग्ण घरी राहतो, ऑफिसला जातो, लग्नाच्या गोष्टी करतो. काटा तो स्वतः वाचतो. वजनापायी मनाने गोळी बंद केली तर आजार उलटतो, कधी आधीपेक्षा जोरात. म्हणून प्रश्न दिसण्याचा नाही, उपचार टिकण्याचा आहे. अमेरिकेतल्या मधुमेह आणि मानसोपचार संघटनांनी २००४ मध्येच सांगितलंय: सुरुवातीलाच वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि चरबी तपासा, मग वजन चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्यात. गरज पडल्यास औषध बदलता येतं, मेटफॉर्मिन जोडता येतं. तुमच्या घरात कुणाला ही औषधं सुरू होत असतील, तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना वजन नोंदवायला सांगा. आणि दोन महिन्यांनी कुणी कौतुकाने ‘तब्येत सुधारली’ म्हणालं, तर पुढच्या भेटीत त्यांना ते दोन्ही अर्थांनी सांगा.