बंदुकीची नेमपट्टी

१८५७ सालच्या उठावाची हकीकत सांगू लागले म्हणजे एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसाचा उल्लेख केल्यावाचून कोणासही पुढे जाता येत नाही. गाईची व डुकराची चरबी, दातांनी तोडावयाचे टोक, डमडमच्या छावणीत त्या वर्षीच्या जानेवारीत उठलेली कुजबूज, हे सारे शाळकरी मुलांनाही पाठ असते. परंतु ज्या बंदुकीकरिता ते काडतूस बनविले होते, तिच्या नळीवर मागल्या अंगास एक लहानशी लोखंडी पट्टी बिजागरीवर उघडमीट करीत असे. तिच्याविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. इंग्रजीत तिला बॅकसाईट म्हणतात. या भाषणापुरते आपण तिला नेमपट्टी म्हणू. त्या काळच्या राज्यकर्त्यांचा हिंदी शिपायावर विश्वास किती होता, हे पाहावयाचे असेल तर काडतुसाइतकीच ही पट्टीही बोलकी आहे.

नेम धरणे म्हणजे तीन वस्तू एका रेषेत आणणे होय: नळीच्या टोकावरील माशी, नळीच्या मागल्या भागावरील खाच आणि समोरचे लक्ष्य. जुन्या गुळगुळीत नळीच्या मस्केटीवर मागची खाच बहुधा नसेच, आणि तिची फारशी उणीवही भासत नसे. शिशाची सैल गोळी नळीत इकडेतिकडे आपटत बाहेर पडे. शंभर यार्डांपलीकडे ती कोठे जाईल याचा भरवसा खुद्द बंदूकवाल्यालाही नव्हता. नळीच्या आत मळसूत्री आटे पाडून गोळीला फिरत बाहेर काढण्याची युक्ती जुनीच होती. पण अशा बंदुकीत गोळी ठासून भरण्यास फार वेळ लागे. १८४९ च्या सुमारास फ्रेंच अधिकारी क्लोद मिनिए याने जी लांबट, बुडाशी पोकळ गोळी प्रचारात आणली, ती सहज नळीत उतरे आणि बार होताच फुगून आट्यांत घट्ट बसे. इंग्रजांची १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल याच तत्त्वावर तयार झाली. तिची गोळी कित्येक शे यार्ड नेमाने जाऊ लागली, आणि तेव्हाच नेमपट्टीची खरी गरज उत्पन्न झाली.

ही गरज कशी उत्पन्न झाली हे समजण्यास थोडे गणित पुरे. गोळी सुटल्याक्षणीच पृथ्वी तिला खाली ओढू लागते. पहिल्या सेकंदात कोणतीही वस्तू सोळा फूट खाली येते, दोन सेकंदांत चौसष्ट फूट. एन्फील्डची गोळी सेकंदास सुमारे नऊशे फूट वेगाने निघे, असे धरू आणि हवेचा अडथळा तूर्त बाजूस ठेवू. तीनशे यार्ड म्हणजे नऊशे फूट जाईतो तिला एक सेकंद लागला व ती सोळा फूट खाली आली. सहाशे यार्डांवर ती चौसष्ट फूट खाली आली. अर्थात लक्ष्य जितके दूर, तितके नळीचे तोंड वर उचलले पाहिजे. डोळा तर सरळ रेषेतच पाहणार. म्हणून मागची खाच अंतराप्रमाणे उंच करावयाची. खाच उंचावली म्हणजे माशी तिच्याशी जुळविताना नळीचे तोंड आपोआप वर येते.

एन्फील्डवरील योजना मोठी सुबक होती. नळीवर झाळून बसविलेल्या बैठकीला दोन्ही बाजूंनी पायऱ्या होत्या. पट्टी आडवी मिटलेली असताना तिच्यावरील कडी या पायऱ्यांवर चढवीत नेली, की शंभरापासून चारशे यार्डांपर्यंतचा नेम मिळे. त्यापुढील अंतरासाठी पट्टी शिडीसारखी उभी करावयाची आणि कडी कोरलेल्या आकड्यापर्यंत सरकवावयाची. हे आकडे नऊशे यार्डांपर्यंत, काही नमुन्यांत त्याहूनही पुढे जात. पट्टीखाली एक चपटी स्प्रिंग असे, म्हणून ती उभी ठेवली तर उभी राही आणि मिटली तर मिटलेलीच राही. तिला घडी कशाकरिता, असे कोणी विचारील. उभी पट्टी कवायतीत, झुडपांत, खांद्याच्या पट्ट्यात अडकावयाची; आणि एकदा वाकली म्हणजे तिच्यावरील सर्व आकडे खोटे ठरावयाचे.

मात्र पट्टी बसविली म्हणजे काम झाले असे नव्हे. दोन नळ्या कधी तंतोतंत सारख्या उतरत नाहीत. म्हणून प्रत्येक रायफल ठराविक अंतरावरून झाडून पाहावी लागते. प्रथम गोळ्या एकमेकींजवळ पडतात की नाही हे पाहावयाचे. त्या विखरून पडत असतील तर दोष हाताचा, नळीचा किंवा दारूचा असतो, आणि तो साईट हलवून जात नाही. गोळ्या एका जागी, पण लक्ष्याच्या बाजूस पडत असतील, तरच साईटला हात घालावयाचा. मागची खाच ज्या दिशेस सरकवावी त्याच दिशेस गोळी जाते. माशी सरकविली तर उलट दिशेस जाते. उंचीचा दोष असेल तर माशी घासावयाची किंवा अधिक उंचीची बसवावयाची. या साऱ्या खटाटोपाला रायफल झीरो करणे म्हणतात. ते झाल्यावरच पट्टीवरच्या आकड्यांना अर्थ येतो.

आणि आकडे खरे असले तरी अंतर ओळखणारा डोळा लागतोच. वरचेच गणित पुढे चालविले तर असे दिसते की, सहाशे यार्डांवरील माणूस पाचशेवर आहे असे समजून पट्टी लावली, तर गोळी त्याच्या जागी पोहोचेपर्यंत दहा फुटांहून अधिक खाली आलेली असेल. म्हणजे ती अलीकडेच जमिनीत शिरेल. १८५३ साली इंग्लंडात हाइथ येथे बंदूकबाजीची शाळा निघाली, आणि अंतराची पारख हा तेथील शिक्षणाचा मोठा भाग झाला. हिंदुस्थानात हेच शिक्षण देण्यासाठी डमडम, अंबाला आणि सियालकोट येथे केंद्रे उघडली होती. शिपायांच्या तुकड्या एन्फील्ड शिकण्यास तेथे पाठविल्या जात असतानाच काडतुसाचा वणवा पेटला.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. उठावातील बहुसंख्य शिपाई जुन्या गुळगुळीत मस्केटी घेऊनच लढले, आणि त्यांच्यासमोरच्या अनेक गोऱ्या पलटणींजवळ एन्फील्ड होती. ज्याच्या बंदुकीचा पल्ला शंभर यार्ड, त्याने कित्येक शे यार्डांवरून नेम धरणाऱ्याशी उघड्या मैदानावर गाठ घालावयाची, असा तो सामना होता. केवळ याच एका कारणाने उठाव फसला असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु हे कारण गौण खासच नव्हते.

सरकारने या अनुभवापासून जो धडा घेतला, तो लक्षात घेण्याजोगा आहे. १८५८ साली हिंदी पलटणींसाठी एन्फील्डचाच एक निराळा नमुना ठरविण्यात आला. दिसण्यात ती बंदूक मूळ रायफलीसारखीच होती. पण तिच्या नळीत आटे नव्हते. नळीचे तोंड ०.५७७ इंचाऐवजी ०.६५६ इंच रुंद करून आत गुळगुळीत केलेले होते. वरची उघडमिटीची पट्टी काढून तिच्या जागी एक साधी अचल खाच बसविली होती. तीच लाकडी दस्ती, तोच चाप, तीच संगीन. दूरचा नेम तेवढा वजा केलेला. कवायतीच्या मैदानावर हे वैगुण्य कोणाच्या नजरेस येणार नाही, पण रणांगणावर ते येईल, हे योजणाऱ्यांना पुरते ठाऊक होते. पुढे कित्येक वर्षे हेच धोरण चालू राहिले: नवे हत्यार प्रथम गोऱ्या पलटणींस, आणि त्यांनी टाकलेली मागील पिढीची बंदूक हिंदी पलटणींस.

स्वतःच्या सैनिकांच्या हाती तरी नेहमी खरी नेमपट्टी पडत होती काय? १८९९ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी एका आठवड्यात इंग्रजी फौजांचा तीन ठिकाणी पराभव केला. घाईघाईने इम्पीरियल योमनरी नावाचे स्वयंसेवक घोडदळ उभारले गेले. त्यास दिलेल्या ली-एन्फील्ड रायफलींत असे आढळून आले की, त्या पाचशे यार्डांवर सुमारे अठरा इंच उजवीकडे मारतात. पुढे लॉर्ड एल्गिन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळापुढे, १९०२-०३ मध्ये, ही गोष्ट साक्षीत नमूद झाली. अठरा इंच म्हणजे माणसाच्या छातीची रुंदी. छातीच्या मध्यावर धरलेला नेम त्या माणसाला न शिवता बाजूने निघून जावयाचा. आणि मूळ चूक केवढी? माशी व खाच यांत सुमारे दोन फुटांचे अंतर धरले, तर ती एका इंचाचा चाळिसावा भागच होते. कारखान्यातील तेवढ्या बेपर्वाईची किंमत द्यावयाची ती रणांगणावरील माणसाने. आणि गोळी चुकली म्हणजे तो बिचारा दोष देणार स्वतःच्याच हाताला.

१९१४ साली हिंदी फौज फ्रान्सात उतरली, तेव्हा नेमपट्टीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९१० मध्ये इंग्रजी सैन्यात टोकदार, हलकी व अधिक वेगवान अशी सातव्या मार्कची गोळी आली होती. जुन्या, जड गोळीसाठी कोरलेले आकडे तिला लागू पडत नसत. म्हणून मार्सेल्स बंदरात हिंदी पलटणींच्या रायफली बदलून त्यांस नव्या देण्यात आल्या. हाताशी बसलेले हत्यार सोडून परके हत्यार घेऊन ही माणसे थोड्याच आठवड्यांत फ्लँडर्सच्या चिखलात उभी राहिली.

आता आकड्यांचीच एक गंमत पाहा. एन्फील्डवरील नऊशेचा आकडा वाढत वाढत ली-मेटफर्ड व ली-एन्फील्ड रायफलींवर फारच पुढे गेला. त्यांच्या डाव्या अंगास एक वेगळी तबकडी असे, आणि तिच्यावर २८०० ते २९०० यार्डांपर्यंतचे अंतर कोरलेले असे. दीड मैलाहून अधिक अंतरावर एकटा माणूस डोळ्यांना दिसतही नाही; सबंध तुकडीने एकदम बार काढून दूरच्या जमावावर गोळ्यांचा पाऊस पाडावा, ही त्यामागची कल्पना. यंत्रबंदुका व तोफा यांनी ती निकालात काढली, आणि १९१६ मध्ये ही तबकडी नव्या रायफलींवरून काढून टाकण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात चौथ्या क्रमांकाच्या रायफलीवर लाखो सैनिकांना जी साधी साईट मिळाली, तिला दोनच पाती होती: एक तीनशे यार्डांचे, ते उलटविले की दुसरे सहाशेचे. आपल्या इच्छापूरच्या कारखान्यातही तेच घडले. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर तेथे बनलेल्या ७.६२ मिलिमीटरच्या रायफलीवर प्रथम दोन हजार मीटरपर्यंत आकडे होते. सुधारलेल्या नमुन्यावर ते आठशेवर आणले गेले. वाढत गेलेला आकडा अखेर माणसाच्या दृष्टीला झेपेल अशा मर्यादेत परत आला.

श्रोतेहो, एखाद्या वस्तुसंग्रहालयात जुनी एन्फील्ड बंदूक मांडलेली दिसली, तर आपण संगिनीचे पाते पाहतो, दस्तीवरील पितळ पाहतो आणि पुढे जातो. क्षणभर थांबून नळीच्या मागल्या भागाकडे पाहावे. तेथे पायऱ्या, शिडी आणि आकडे असतील, तर ती बंदूक ज्याच्यावर राज्याचा भरवसा होता त्याच्यासाठी घडविलेली आहे. तेथे नुसती एक खाच असेल आणि नळी आतून गुळगुळीत असेल, तर ती आपल्या पूर्वजांपैकी कोणाच्या तरी खांद्यावर असण्याचा पुष्कळ संभव आहे. राज्यकर्त्यांच्या जाहीरनाम्यांत प्रजेविषयी पुष्कळ गोड शब्द सापडतात. त्याच वर्षांत त्यांच्या कारखान्यांतून काय बाहेर पडत होते, तेही इतिहासाच्या अभ्यासकाने पाहिले पाहिजे.