वाळवणाच्या यादीत नसलेलं वाळवण

गेल्या मे महिन्यात मनीषनगरला रात्रीची लाईट गेली, ती थेट सकाळी आली. फ्रीजर उघडला तर महिन्याभराच्या बेगमीचा खिमा पाणी पाणी झालेला. आम्ही दोघंही नोकरीवाले. त्यामुळे पाव-पाव किलोची चपटी पाकिटं फ्रीजरमध्ये, डाळ-तांदूळ-मसाले डब्यात, की अर्ध्या तासात जेवण तयार, अशी आमची सिस्टिम. सगळा खिमा फेकला. मांस बारीक केलं की वरचे जंतू आतपर्यंत मिसळतात, म्हणून खिमा अख्ख्या मटणापेक्षा लवकर बिघडतो. त्यात नागपूरचा उन्हाळा, विचारूच नका!

मग डोक्यात किडा वळवळला. फ्रीज नव्हता तेव्हा लोक काय करायचे? भारतात तयार झालेला गोदरेजचा पहिला फ्रीज १९५८ सालचा, आणि तो घरोघरी पोचायला पुढे कित्येक वर्षं गेली.

डाळी-धान्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे : गच्ची. मुंगवड्या, सांडगे, कुरड्या, पापड, शेवया. तत्त्व एकच, पाणी काढून घ्या. पाण्याशिवाय जंतू वाढत नाहीत. मीठही तेच करतं, पाणी ओढून घेतं.

आणि मांस? तेही वाळवायचे. त्याला शब्द आहे 'चान्या'. मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापून उन्हात कडक वाळवायच्या, आणि लागतील तशा भाजून किंवा शिजवून खायच्या. आपल्याकडे स्टायलिश पाकिटात मिळणारी 'जर्की' ती हीच. फरक इतकाच की जर्कीचं कौतुक होतं आणि चान्या हा शब्द मी पंचविशी ओलांडेपर्यंत ऐकलाही नव्हता. मला तो भेटला शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकामुळे. मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्यावरचं पुस्तक आहे. नाव वाचूनच टोला कुणाला आहे ते कळतं.

चान्या ही हौस नव्हती. जुन्या गावगाड्यात मेलेली गुरं ओढून नेण्याचं काम महारांच्या माथी मारलेलं होतं, आणि त्या जनावराचं मांस त्यांच्या वाट्याला यायचं. एकाच दिवशी भरपूर मांस, नंतर कित्येक दिवस काहीच नाही. मग वाळवून ठेवण्यावाचून दुसरा इलाज काय?

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, असं आवाहन केलं. शाळेत हे वाक्य आपण पाठ करतो आणि पुढे जातो. पण ज्यांच्या घरात दुसरी बेगमीच नव्हती, त्यांना हे सोडणं म्हणजे मेनू बदलणं नव्हतं. पुढचे उपाशी दिवस समोर दिसत असताना त्यांनी मान निवडला. १४ ऑक्टोबर १९५६ ला आमच्याच नागपुरात दीक्षाभूमीवर लाखो लोक जमले, त्यामागे असे कितीतरी न दिसणारे निर्णय होते.

तर मुद्दा असा. ऊन तेच, मीठ तेच, विज्ञानही तेच. कुरडई झाली 'आजीच्या हातची चव', चान्या राहिल्या लाजेच्या आठवणीत. वाळवणाचा इतिहास लिहायचा तर दोन्ही लिहायला हवेत.

आम्ही सगळा खिमा फेकला आणि संध्याकाळी नवा आणला. तेवढं सहज फेकता येणं, हीसुद्धा एक बेगमीच म्हणायची.