शिस्त : एका शब्दाची आणि बंदुकीच्या नेमाची कथा



मराठीच्या प्राध्यापकाने बंदुकीच्या नेमावर बोलावे याचे आपणांस नवल वाटणे साहजिक आहे. त्याला कारण झाला एक शब्द. शाळेत तो दिवसातून दहा वेळा तरी कानी पडतो : 'शिस्त'. फारसीत 'शस्त' म्हणजे अंगठा, आणि धनुष्याची दोरी ओढताना तिरंदाज अंगठ्यात जे कडे घालीत तेही. त्यावरून नेम असा अर्थ आला. जुन्या मराठीत 'शिस्त धरणे' म्हणजे बाणाचा वा बंदुकीचा नेम धरणे. वर्तनाची टापटीप हा अर्थ पुढे पसरला. गंमत अशी की 'नेम' या शब्दाचा प्रवास नेमका उलट झाला. तो संस्कृत 'नियम' शब्दापासून आला; व्रतनेमातला नेम हा त्याचा मूळ अर्थ, आणि पुढे तो निशाणावर जाऊन बसला. नियम आणि निशाण यांची अशी अदलाबदल आपल्या भाषेने केली, ती कशी घडली असेल हे बंदुकीचा इतिहास पाहिल्यावर थोडेफार कळते.

जुन्या तोड्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. नळीच्या टोकावर एक बारीक दाणा असे, त्याला आपल्याकडे 'माशी' म्हणत. माशी निशाणावर आणावी आणि बार काढावा, इतकाच विधी. शंभर पावलांपलीकडे गोळी कोठे जाईल याची खात्री कसलेला बरकंदाजही देत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नळीत मळसूत्री खाचा पाडलेली रायफल फौजांच्या हाती सर्रास आली. गोळी फिरत जाऊ लागली आणि म्हणून सरळ जाऊ लागली. ज्या १८५३ च्या एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांवरून आपल्याकडे एवढे रण माजले, तिच्यावर मागच्या बाजूला उभी करता येणारी एक पट्टी होती आणि तिच्यावर शेकडो यार्डांच्या खुणा होत्या. दूरची गोळी वाटेत खाली येते, म्हणून नळी तितकी वर रोखावी लागते. किती, ते ही पट्टी सांगे. अंतराचा अंदाज चुकला की नेम अचूक असूनही गोळी वाया जाई. त्या दिवसापासून नेमबाजीत डोळ्याइतकेच गणितही आले.

या गणिताच्या इतिहासात मुंबई इलाख्याच्या फौजेतील दोन अधिकारी ठळकपणे दिसतात. पहिला सिंध सरहद्दीवरचा जॉन जेकब. त्याने स्वतः आखलेल्या दुनळी रायफलीवर दोन हजार यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. तो १८५८ साली वारला. दुसरा कर्नल डेव्हिडसन. त्याने रायफलीला दुर्बीण जोडण्याचा ध्यास घेतला होता. अमेरिकेत त्या काळी नळीच्या लांबीइतकी दुर्बीण बंदुकीच्या पाठीवर बांधीत. डेव्हिडसनने आखूड दुर्बीण घेऊन ती रायफलीच्या डाव्या अंगाला बसवली. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) दक्षिणेकडच्या निवडक नेमबाजांकडे व्हिटवर्थ रायफली होत्या, त्यांतील काहींवर ही दुर्बीण होती.

दुर्बीण लावली की नेम आपोआप साधतो, असा समज आपल्यात आहे. दुर्बीण नळीच्या वर सुमारे दीड-दोन इंचांवर बसते. पाहणाऱ्याची नजर सरळ रेषेत जाते, गोळी मात्र कमानीत. नळी किंचित वर रोखलेली असल्याने गोळी नजरेच्या रेषेला एकदा चढताना आणि एकदा उतरताना छेदते. दुसरा छेद किती अंतरावर घ्यायचा हे ठरवून त्याप्रमाणे दुर्बिणीचे मळसूत्र फिरवावे लागते. एका अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक कला, शंभर यार्डांवर जेमतेम एक इंच भरते. पाचशे यार्डांवर तीच पाच इंचांहून अधिक होते. दुर्बिणीतील उभी तार जराशी कलली तर जवळच्या निशाणावर काही जाणवत नाही, दूरवर मात्र गोळी एका बाजूला सरकत जाते. पकड सैल असली तर प्रत्येक बारागणिक सगळे बिघडते. डोळा भिंगाला लावून ठेवणाऱ्याची भुवई रायफलीच्या धक्क्याने फुटते, म्हणून तीन-साडेतीन इंच मागे राहूनच पाहायचे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी आपल्या दुर्बिणी पुन्हा डाव्या अंगालाच बसवल्या, कारण वरून काडतुसांची पट्टी भरायला वाट हवी होती. परिणामी खंदकाच्या अरुंद फटीतून नळी बाहेर काढली की दुर्बिणीसमोर भिंत येई! शिकवणाऱ्या शाळा निघेपर्यंत कित्येक सैनिकांना आपली दुर्बीण जुळलेली आहे की नाही, हेही कळत नव्हते.

अशा लपून टिपणाऱ्या नेमबाजाचा 'स्नायपर' हा इंग्रजी शब्दसुद्धा हिंदुस्थानातच घडला. तळ्याकाठी, भाताच्या खाचरांत येणारा पाणलावा पक्षी इंग्रजीत स्नाइप. वेडावाकडा उडणारा हा पक्षी टिपणे हा अठराव्या शतकात येथील गोऱ्या अधिकाऱ्यांचा छंद होता, आणि शब्द तेथून निघाला. पुढे तो माणसांच्या शिकारीला लागला.

येथे मला आपल्या मुलखाकडे वळले पाहिजे. लांब पल्ल्याचा नेम म्हणजे समोरच्याच्या शस्त्राच्या टप्प्याबाहेर उभे राहून त्याला आपल्या टप्प्यात ठेवणे, आणि याची किंमत कोणी मोजली हे आदिलाबादच्या डोंगरांना ठाऊक आहे. बोथहून घाट उतरला की निर्मळ. तेथे रामजी गोंडाने गोंड आणि रोहिले एकत्र करून लढा दिला आणि १८६० मध्ये त्याला फाशी झाली. त्यानंतर ऐंशी वर्षांनी, १९४० साली, जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम आणि त्याचे सोबती निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. मागणी जंगलातल्या जमिनीची होती. रायफलवाल्या पोलिसांपुढे कुऱ्हाडी-भाल्यांचा हात कोठवर पोचणार? भीमाचे शौर्य आपण दर आश्विन पौर्णिमेला आठवतो, ते योग्यच आहे. पण त्या दिवसाचा निकाल शौर्याने लागला नाही, अंतराने लावला, हेही इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवून ठेवावे. त्या रक्तपातानंतरच निजाम सरकारने हैमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांचा अभ्यास करावयास लावले आणि जमिनीच्या पट्ट्यांचा प्रश्न कागदावर आला.

शिकारीचे युग १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपले. सामान्य नागरिकासाठी नेमबाजी उरली ती मुख्यतः खेळ म्हणून, आणि या खेळात मराठी माणसांनी नाव काढले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. या प्रकारात भारताला ऑलिंपिक पदक प्रथमच मिळाले. तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला हा तरुण ज्या रायफलीने खेळला, तिच्यावर मोठे करून दाखवणारी दुर्बीण नव्हती. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत तिला मनाईच आहे. मागे एक बारीक छिद्र, पुढे एक कडे, आणि त्या कड्याच्या मधोमध पन्नास मीटरांवरचे काळे वर्तुळ. त्या वर्तुळातला दहा गुणांचा भाग अवघा १०.४ मिलिमीटरांचा, आपल्या करंगळीच्या नखाएवढा. गुडघ्यावर, मग पालथे पडून, मग उभ्याने, दर वेळी श्वास अर्ध्यावर थांबवून चाप अलगद मागे घ्यायचा. जुना मराठी माणूस याला सरळ म्हणाला असता : पोराने शिस्त धरली आहे.